शंभराला तेरा

टाकीच्या झाकणामागे एक पिवळा कागद,
उन्हानं विटलेला, वर जपानी अक्षरं.
अकरा वर्षं मी तो बघत आलो,
सासुरवाडीच्या भिंतीवरचा अनोळखी फोटो बघावा तसा.
काय लिहिलंय, कुणाला विचारलं नाही.
विचारलं की खर्च निघतो, हा अनुभव.

मी पियानो सुरात लावतो.
मिडलमार्चची शाळा, नेसबीचं चर्च,
रॅनफर्लीच्या आयलिन हॅगर्टी, ज्यांच्या पियानोत
उंदरांनी दोनदा संसार थाटला.
मागच्या सीटा पाडल्या की तारा, नमदे, हत्यारं,
थर्मास, कुत्री, सगळं मावतं.
म्हणून घेतली ही वॅगन, असं मी घरी सांगितलं.
बॉनेटखालच्या दोन टर्बोंचा विषय काढला नाही.

मोरागनंही काढला नाही. तिनं वही आणली.
"लिटर लिही, किलोमीटर लिही.
पिणाऱ्याचा हिशेब असावा."
शंभराला तेरा. शंभराला चौदा.
एकदा पिगरूटच्या चढावर, एकटा होतो,
शंभराला सतरा.
तिनं त्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली.
शब्द एक नाही.

डनेडिनच्या पंपावर तीन नळ्या:
एक्याण्णव, पंच्याण्णव,
आणि माझ्या खिशाकडं बघून हसणारी अठ्ठ्याण्णव.
मी मधली उचलायचो.
साठ लिटर, लिटरमागे वीस सेंट,
बारा डॉलर वाचवले म्हणून शिट्टी वाजवत निघायचो
आणि पामर्स्टनच्या पुढं, एका दुधाच्या टँकरला मागं टाकताना
त्यातले निम्मे उधळायचो.

डोंगरापलीकडं मात्र एक्याण्णवच.
मग तिसऱ्या गिअरात, चढावर, बॉनेटखाली
कुणीतरी पत्र्यावर बारीक खडे टाकतंय.
दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही.
मला येतं. माझं पोट कानांवर चालतं.
ठिणगी पडायच्या आधीच पेट घेणारं पेट्रोल,
समेच्या आधीच सम दाखवणाऱ्या नवख्यासारखं.
मी पाय उचलतो.
अंडी वाहून नेल्यासारखा,
मेंढ्यांच्या ट्रकमागे निमूट.
आणि वहीत त्या दिवशी शंभराला साडेदहा!
सगळ्यात हलकं पेट्रोल, सगळ्यात देखणा आकडा.
मोराग म्हणाली, "बघ,
भीतीनं तू किती सुधारतोस."

जानेवारीत क्रॉमवेलजवळ
चेरी तोडणारी एक मुलगी लिफ्टसाठी उभी होती.
मिनाको, नागानोकडची, बोटं जांभळी.
पंपावर मी झाकण उघडलं, तशी ती खाली वाकली,
घरचं पत्र आल्यासारखी.
"शिसं नसलेलं," तिनं वाचलं. "उंची पेट्रोलच."
आणि त्या 'च'वर बोट ठेवलं.
जांभळा ठसा उमटला. अजून आहे.

अकरा वर्षं, म्हणजे मी तिला
मधलं पाजून वर शहाणपण सांगत होतो.

त्या दिवशी अठ्ठ्याण्णव. काठोकाठ.
चढावर कान लावून बसलो,
खडे पडायची वाट बघत.
पडले नाहीत.
वहीत शंभराला बारा पॉइंट सहा.
मोरागनं चष्मा लावून गणित केलं:
"पाच वाचले, बारा गेले.
टाकीमागे सात डॉलर तोटा. कशासाठी?"

सांगता येईना. म्हटलं, चल.

पिगरूट, संध्याकाळ, रस्ता मोकळा.
पहिला टर्बो दमतो, दुसरा अजून उठलेला नसतो,
मध्ये एक पोकळी येते,
शिडीची एक पायरी नसल्यासारखी.
तिथं तिनं डॅशबोर्ड धरला.
मग दुसरा उठला.

मोराग हसली.
अठ्ठावीस वर्षांत हे हसू मी
बोटांवर मोजण्याइतकंच ऐकलंय,
आणि ते थेट सुरात होतं, लावायला काही नव्हतं.

त्या दिवसाचा आकडा वहीत नाही.
तारीख आहे, लिटर आहेत, पुढं कोरी जागा.
आणि जागेखाली
पेन्सिलीची एक रेघ.